छोट्या हत्तीवरची खोली

खानदेशात 'कॅम्पर' म्हटलं की कुणालाही तंबू, शेकोटी, गिटार वगैरे आठवत नाही. आठवते ती महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढे दोन ओळी सीट, मागे हौदा. वायरमन तिच्यातून खांब-तारा नेतो, कंत्राटदार मजूर नेतो, कुणी खताच्या गोण्या नेतो तर कुणी वरातीचा डीजे. थोडक्यात काय, तिच्यात कॅम्पिंग सोडून सगळं होतं :)

मला मात्र दोनेक वर्षांपासून खऱ्या कॅम्परचं वेड लागलं होतं. पुण्यात आयटीत असणाऱ्या माणसाला लागतं तसंच. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग काढायचे आणि रात्री अमेरिकेतल्या कुठल्या तरी काकांचे व्हिडिओ बघायचे. त्यांच्या पिकअपच्या हौद्यात एक छोटं घर बसवलेलं असतं. पलंग, शेगडी, बेसिन, हीटर. शुक्रवारी संध्याकाळी चावी फिरवायची की निघाले डोंगराकडे. जॉन स्टाइनबेक १९६० साली असंच घर ट्रकवर चढवून, सोबत कुत्रा घेऊन, अख्खी अमेरिका फिरून आला होता. गाडीचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' ठेवलं होतं. माझ्या अमळनेरच्या मामांकडे छोटा हत्ती आहे. टाटा एस हो. त्याचं नाव नुसतं 'हत्ती' आहे. पण स्वप्न बघायला तेवढं पुरे होतं.

मग काय, एक्सेल शीट उघडली. आपल्याला काहीही आवडलं की आधी एक्सेल शीट उघडावी लागते. पलंगाखाली काय, फ्रिज कुठे, इन्व्हर्टर किती वॅटचा. तोरणमाळला जाऊ, पाटणादेवीला जाऊ, पालच्या जंगलात मुक्काम करू. त्या शीटमध्ये संडास-बाथरूमची ओळ सगळ्यात शेवटी होती आणि तिच्यापुढे मी लिहिलं होतं: 'नंतर बघू.'

ही ओळ सगळ्यात वर कशी आली, ते सांगायला आज बसलोय.

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी जायची जुनी रीत आहे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते आणि त्याच्या आधीपासून धुळे-मालेगाव-देवळा-कळवणचा रस्ता भगव्या झेंड्यांनी भरून जातो. मामांच्या गावाचीही दिंडी असते. सगळे चालतात, आणि मागे मामांचा हत्ती सामान घेऊन येतो. गाद्या, पीठ, गॅस, पातेली, पाण्याचा ड्रम. गेल्या चैत्रात मी सुट्टी टाकून गेलो. खरं कारण भक्ती कमी आणि 'फील्ड टेस्ट' जास्त, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या दोन दिवसांत मला कळलं की मी जो शोध लावायला निघालो होतो तो लागून कैक वर्षं झालीत. रात्री मुक्कामाला हौद्यातलं सामान खाली उतरतं, फाळक्यावरून ताडपत्री ओढली जाते आणि आत चार बायका आडव्या होतात. पुरुष रस्त्याच्या कडेला, शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या मंडपात. सकाळी साडेतीनला शेगडी पेटते, चहा होतो, सामान परत चढतं. हाच तर ट्रक कॅम्पर! याच्या आधी बैलगाडी होती. बांबूच्या कमानी, वर तट्ट्या किंवा कापड, खाली कडब्यावर गोधडी. दमणीत बसून यात्रेला गेलेली माणसं आमच्या आजोळी अजून आहेत. म्हणजे गाडीत झोपणं ही आपल्याकडची काही नवी चैन नाही. फक्त ती कुणी चैन म्हणून केली नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी, झोडगे मागे पडल्यावर, ऊन असं लागत होतं की डांबर चपलेला चिकटावं. मी दर पंधरा मिनिटांनी बाटली तोंडाला लावत होतो. मामी माझ्या बाजूला चालत होती. तिच्या हातातली बाटली सकाळपासून तेवढीच भरलेली. मी म्हटलं, "मामी, पाणी घे ना." ती हसली आणि म्हणाली, "पानी पिसू ते जासू कथा?"

पाणी प्यायले तर जाऊ कुठे.

खरंच, कुठे? चौपदरी रस्ता. दोन्ही बाजूला कापणी झालेली रानं, आडोशाला एक झुडूप नाही. एका पंपावरच्या संडासाला कुलूप होतं. ढाब्यावर होता तो पुरुषांनी भरलेला. आम्ही पुरुष कुठेही पाठ वळवून उभे राहत होतो आणि ते आमच्या लक्षातही येत नव्हतं. बायका पहाटे अंधारात एकदा जाऊन येत होत्या आणि नंतर थेट अंधार पडल्यावर. मधले चौदा तास पाणी न पिणं हा त्यांचा उपाय. दरवर्षीचा. कुणी कुणाला सांगितलेला नाही, सगळ्यांना माहीत असलेला.

त्या संध्याकाळी मामीला उन्हाळी लागली. रात्री ताप भरला. मालेगावात डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, भरपूर पाणी प्या, लघवी अजिबात अडवू नका, चालणं बंद. दुसऱ्या दिवशी मी तिला एसटीने घरी घेऊन आलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिची वारी अर्ध्यात सुटली. बसमध्ये ती काही बोलली नाही. मालेगाव सोडताना एकदा गडाच्या दिशेला हात जोडले, बस.

असो. तर त्या रविवारी मी शीट परत उघडली आणि 'नंतर बघू'वाली ओळ पहिल्या क्रमांकावर आणली. आणि गंमत म्हणजे, ती वर आल्याबरोबर बाकीचं अख्खं डिझाइन बदललं. ते स्वस्तही झालं आणि हलकंही. माझं म्हणणं तेवढंच आहे: आपल्याकडचा परवडणारा कॅम्पर बनवायचा असेल तर सुरुवात पलंगापासून करू नका. आतून कडी लागेल अशा चार फूट जागेपासून करा.

कसं, ते बघा.

अमेरिकन कॅम्पर मुळात थंडीपासून वाचण्यासाठी बांधलेला असतो. जाड भिंती, छोट्या खिडक्या, हीटर. तिकडे ज्याला 'हलका' म्हणतात तो रिकामाच चार-पाचशे किलो भरतो. तो जसाच्या तसा जळगावात आणून उभा केला तर मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे गेल्यावर, आत भाकरी भाजता येईल. माझं पहिलं डिझाइन मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला होता, "उन्हायामा ते भट्टी व्हई जाई." भट्टी होऊन जाईल. मी म्हटलं, एसी लावू. एसीला बॅटरी, बॅटरीला सोलर, सोलरला वजन, वजनाला मोठी गाडी... आणि किंमत पोचली नव्या हत्तीच्या जवळ.

खानदेशी माणूस उन्हाळ्यात झोपतो कुठे? धाब्यावर. मातीच्या घराच्या सपाट छतावर, उघड्यावर, वारा लागेल असा. मग कॅम्परला वरच्या भिंती कशाला पाहिजेत? खाली साडेतीन फूट पक्क्या भिंती, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनच्या उंचीपर्यंतच. त्याच्यावर पाइपात पाइप सरकणारे चार खांब. मुक्कामाला छत वर उचलायचं, आणि मधल्या तीन फुटांत मच्छरदाणीची जाळी आणि बाहेरून गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा. गाडी धावताना छत खाली, वारा अडत नाही, डिझेल खात नाही. थंडी पडली की पडदे सोडा.

आणि मागच्या कोपऱ्यात चार फूट बाय अडीच फुटांची खोली. तिला मात्र जाळी नाही. छत वर गेल्यावर माणूस उभा राहील एवढ्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी न दिसणारा जाड पडदा, खाली पक्का दरवाजा, आतून कडी. आत झाकणाची बादली, तिच्यात लाकडाचा भुसा, आणि एक नळ. बस. बायोटॉयलेट नाही, शॉवर नाही. दिवसा गाडी दिंडीच्या पुढे दोन किलोमीटर जाऊन थांबेल, बायका येतील, जातील, हात धुतील, पाणी पितील, पुढे चालतील.

आता वजन, कारण छोट्या गाडीत सगळा खेळ वजनाचा असतो.

टाटा एस मे २००५ मध्ये आली. दोन सिलेंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. आपल्यातल्या कित्येकांची बाइक याहून जास्त ताकदीची आहे. पण ती ७५० किलो उचलायला बनवली होती आणि त्याच आकड्यावर तिने गावोगावच्या तीनचाकी टेम्पोंचं राज्य संपवलं. एस गोल्डचा हौदा २२०० मिलिमीटर बाय १४९०, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना इंचभर कमी रुंद. दोन माणसं पाय पसरून झोपतात, तीन अंग चोरून.

माझा हिशोब असा. एक इंची चौकोनी पाइप, दीड-पावणेदोन एमएम जाडीचा, मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो. सांगाड्याला ४५ मीटर धरा: ५३ किलो. भिंतींना १० एमएमचा पीव्हीसी फोम शीट. आठ बाय चारचा एक शीट १६ किलोच्या आसपास, तीन लागतील: ४८ किलो. हा पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि पत्र्यासारखा तापत नाही. तळाला १२ एमएम प्लायवुड: २५ किलो. ताडपत्री आणि जाळी: ८. पन्नास लिटर पाणी: ५०. बॅटरी, सोलर पॅनल, एक पंखा, दोन दिवे: २५. छोटा गॅस सिलेंडर आणि भांडी: २८. गाद्या १५, बादली वगैरे १०. बेरीज २६२ किलो. म्हणजे ७५०च्या निम्म्याच्याही आत. उरलेल्यात दिंडीचं पीठमीठ आरामात बसतं.

हे जमेल का, अशी शंका असेल तर जपानकडे बघा. तिकडे 'केई ट्रक' नावाचे चिमुकले पिकअप असतात. ६६० सीसीचं इंजिन आणि ३५० किलोच माल न्यायची मर्यादा. त्यांच्या हौद्याची लांबी-रुंदी आपल्या हत्तीपेक्षा कमीच. तरी त्यावर बसणारे, चार पायांवर उभे राहून उतरणारे कॅम्पर तिकडे मिळतात. शुक्रवारी चढवायचा, रविवारी उतरवायचा, सोमवारी गाडी परत भाजीला. तिथे अशा उतरवता येणाऱ्या खोक्याला गाडीतला बदल नाही, तर माल समजतात.

हा 'माल' शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. म्हणजे हौद्यावर वेल्डिंग करून कायमचं घर बांधलं तर अडचण. पण चार टर्नबकलने आवळलेलं आणि खळ्यातल्या चेनपुलीने तासाभरात उतरणारं खोकं? माझ्या मते तो माल आहे, जशी पाण्याची टाकी किंवा जनरेटर. राज्याने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. त्यात पार्किंगच्या जागा, वीज-पाण्याची जोडणी, मोठ्या गाड्या यांचा विचार आहे. त्याच धोरणात एक परिच्छेद अशा उतरवता येणाऱ्या हलक्या खोक्यासाठी टाकला, उंची-रुंदी-वजन-बांधणी ठरवून दिली, की गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला कुणाची भीती राहणार नाही.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. गाडी चालू असताना या खोक्यात कुणीही बसायचं नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय. यात्रेच्या दिवसांत पिकअप उलटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. कॅम्पर म्हणजे थांबल्यावर वापरायची खोली.

आता आक्षेप.

"कंपन्या बनवताहेत की!" बनवताहेत. २०२२ साली महिंद्राने आयआयटी मद्रासमधून वर आलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीबरोबर बोलेरो कॅम्पर गोल्डवर घर बांधायचा करार जाहीर केला. चार जणांच्या झोपण्याची सोय, शॉवर, बायोटॉयलेट, किचन, टीव्ही. (कॅम्परमध्ये शेवटी कॅम्पिंग!) मला ती गाडी मनापासून आवडते. पण ती हॉटेलला पर्याय म्हणून बनवलेली आहे. मामीला हॉटेलला पर्याय नको होता, आडोसा हवा होता.

"रस्त्यावर संडास बांधा ना, गाडीवर कशाला?" बांधाच. शंभर टक्के. पण दिंडी दरवर्षी त्याच वेळी त्याच जागी नसते, आणि कुलूप लावलेला संडास मी याच डोळ्यांनी बघितलाय. गाडीवरच्या कडीची किल्ली बायकांकडेच राहते.

"वर्षातून सहा दिवसांसाठी कोण पैसे घालणार?" हा खरा प्रश्न. माझ्या अंदाजाने हे खोकं पन्नास-साठ हजारांत बसतं, आणि एका शेतकऱ्याने सहा दिवसांसाठी एवढे घालू नयेत. पण आपल्याकडे खुर्च्या, गाद्या, जनरेटर, मोठी पातेली कोण विकत घेतं? मंडपवाला. तो भाड्याने देतो. चैत्रात दिंडीला, लग्नसराईत वऱ्हाडाला, आषाढीच्या आधी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीबरोबर, पुढे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीच्या मुकादमाला. मधल्या रिकाम्या वीकएंडला आपल्यासारख्या हौशी लोकांना, तोरणमाळसाठी. गाडी ज्याची त्याची, खोकं मंडपवाल्याचं. हौस करणाऱ्याने दोन पैसे जास्त द्यावेत म्हणजे गरजवाल्याला कमी पडतील.

आणि हे बनवायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. जळगावात पीव्हीसीचे पाइप बनतात, शीट बनतात, प्लास्टिकच्या चटया तर देशभर जातात. धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीत वेल्डिंग करणारे हात आहेत. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप बनवायला सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो होऊन कम्प्युटरकडे वळली. आता एखादा कम्प्युटरवाला उलट्या दिशेने अमळनेरात येऊन लोखंड कापायला लागला तर बिघडलं कुठे?

मी लागलोय. सांगाडा झालाय, दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा काटकोनात आलाय. मॅनेजर विचारतो, सोमवारी डोळे लाल का असतात. वेल्डिंग बघून, हे त्याला सांगितलेलं नाही. छताचे खांब अजून अडकतात. बादलीची खोली मात्र पूर्ण आहे.

मागच्या शनिवारी मामीला बोलावलं. ती आत गेली, दरवाजा लावला, कडी घातली. मी बाहेर पाना हातात घेऊन उभा. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग कडी निघाली, परत लागली, परत निघाली. बाहेर आली आणि म्हणाली, कडी अजून एक बोट खाली घे, सगळ्या बायका माझ्याएवढ्या उंच नसतात.

उद्या ते करायचंय. चैत्राला अजून वेळ आहे.